स्वस्त एस्प्रेसो मशीनमध्ये काय बदलावं आणि कुठल्या क्रमाने

दहा-पंधरा हजारांच्या मशीनच्या खोक्यावर ‘१५ बार’ ठळक अक्षरांत छापलेलं असतं. तो आकडा पंपाचा आहे. पाण्याची वाट पूर्ण बंद केली तर आतला व्हायब्रेटरी पंप तेवढा दाब देऊ शकतो, इतकाच त्याचा अर्थ. एस्प्रेसोला लागतात साधारण ९ बार. १९६१ साली फाएमाच्या ई६१ मशीनमध्ये विजेचा पंप आला, तेव्हापासून कॅफेमधली मशीन्स याच आकड्याच्या आसपास चालतात.

या मशीनचा पंप आणि हीटर कामाला ठीक असतात. अडचण असते ती त्यांच्या पुढे बसवलेल्या भागांची. घरात ग्राइंडर नाही आणि पाकिटातली केव्हाची तरी दळलेली कॉफीच वापरली जाणार, असं धरून कंपनी मशीन बनवते. त्या कॉफीवरही फेस दिसावा म्हणून बास्केटला, म्हणजे कॉफी भरायच्या जाळीदार वाटीला, दुहेरी तळ देतात. दूध तापवायचा सराव नसला तरी बुडबुडे यावेत म्हणून वाफेच्या नळीवर टोपी चढवतात. या सोयी काढून टाकल्या की मशीन सुधारतं, पण मग त्यांचं काम ग्राइंडरला करावं लागतं. म्हणून घरात चांगला ग्राइंडर नसेल तर खालचं काहीही करू नका. मिक्सरमध्ये दळलेली कॉफी साध्या बास्केटमध्ये टाकली तर १० सेकंदांत पाणी निघून जाईल आणि कपात आंबट, पातळ काहीतरी उरेल.

हाताने फिरवायचा ग्राइंडर पुरतो, पण त्याची एक क्लिक किती मायक्रॉनची आहे ते बघून घ्या. टाइममोर सी२ सारख्या ग्राइंडरवर एका क्लिकने शॉटची (एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोची) वेळ एकदम आठ-दहा सेकंदांनी हलते, मधलं काही मिळतच नाही. सी३ ईएसपीमध्ये क्लिक बारीक आहेत, त्यामुळे त्यावर जमतं.

बास्केट

बास्केट उजेडासमोर धरा. आतून शेकडो भोकं दिसतात, पण बाहेरच्या तळाला बारीकसं एकच भोक असेल तर ते प्रेशराइज्ड बास्केट. दाब त्या एका भोकापाशी तयार होतो, कॉफीच्या थरात होत नाही. म्हणूनच दळण कसंही असलं तरी फेस सारखाच येतो आणि चवही सारखीच फिकी राहते. डेलाँगीच्या ईसी१५५ सारख्या काही मशीनमध्ये हा अडथळा बास्केटऐवजी पोर्टाफिल्टरच्या (बास्केट बसवायच्या दांडीवाल्या भांड्याच्या) पोटात असतो: एक स्क्रू, एक प्लास्टिकची चकती, एक स्प्रिंग. स्क्रू काढला की तिन्ही बाहेर येतात. जपून ठेवा, मशीन विकताना लागतील.

त्या जागी ५१ मिमीचं एकेरी तळाचं बास्केट ऑनलाइन सहज मिळतं. ऑर्डर देण्याआधी जुन्याचा आतला व्यास आणि खोली व्हर्नियरने मोजा, कारण ‘५१ मिमी’ या नावाखाली दोन-तीन वेगवेगळी मापं विकली जातात. पोर्टाफिल्टरही बदलणार असाल तर त्याचे कान मोजा. काहींना दोन असतात, काहींना तीन, आणि दोन कानांचा पोर्टाफिल्टर तीन खाचांच्या ग्रुपमध्ये, म्हणजे मशीनच्या ज्या तोंडात तो अडकवतात तिथे, बसत नाही.

दुहेरी मापाच्या बास्केटमध्ये १४ ते १६ ग्रॅम कॉफी घ्या, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंदांत २८ ते ३२ ग्रॅम एस्प्रेसो मिळाला पाहिजे. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. कॉफी जास्त झाली का हे रुपयाच्या नाण्याने कळतं: दाबलेल्या कॉफीवर नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर लावा आणि लगेच काढा. नाणं आत रुतलं असेल तर अर्धा ग्रॅम कमी करा. वर जागा नसली की कॉफी फुगून शॉवर स्क्रीनला (वरून पाणी सोडणाऱ्या जाळीला) चिकटते आणि थर मधूनच फाटतो. नाणं काढल्याशिवाय पंप चालू करू नका.

आता वेळ चुकली तर फक्त दळण बदला, वजन तेच ठेवा. दोन्ही एकदम बदललं की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

टॅम्पर, सुया आणि उघडा पोर्टाफिल्टर

कॉफी दाबायला सोबत आलेला प्लास्टिकचा टॅम्पर बास्केटपेक्षा चांगला दोन मिमी लहान असतो. कडेला न दबलेल्या कॉफीची रिंग उरते आणि पाणी तिथूनच पळतं. नाशिककरांची इथे सोय आहे. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ असलेल्या छोट्या वर्कशॉपमध्ये एका नगाचं कामही करून मिळतं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस रॉडचा तुकडा सांगा आणि व्यास बास्केटच्या आतल्या मापापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी कमी ठेवायला सांगा. माप तोंडाशी घेऊ नका. बास्केट खाली निमुळतं होत जातं, म्हणून कॉफीचा वरचा थर जिथे येतो त्या उंचीवर माप घ्या. कडेचा बर (कापताना उरलेली धातूची धारदार किनार) काढून घ्यायला विसरू नका, नाहीतर बास्केटला ओरखडे पडतात. दाबताना जोर किती लावला यापेक्षा थर सपाट आहे का याला महत्त्व आहे.

दाबण्याआधी गुठळ्या मोडाव्या लागतात. ०.३ ते ०.४ मिमी जाडीच्या सात-आठ अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया वाइनच्या बाटलीच्या बुचात खोचल्या की साधन तयार. द्राक्षांच्या या गावात बूच मिळायला अडचण नाही. तळापासून सुरुवात करून गोल गोल फिरवत वर या. टूथपिक वापरू नका, जाड काडी गुठळी न फोडता बाजूला सारते.

त्याच वर्कशॉपमध्ये मूळ पोर्टाफिल्टरचा तळ कापून घेता येतो. आधी हँडल काढा. बास्केट वरच्या काठावर टेकून राहतं, त्यामुळे तळाच्या आधाराची गरज नसते. भोक बास्केटच्या जाळीपेक्षा थोडं मोठं ठेवा, म्हणजे कॉफी कापलेल्या धातूला लागणार नाही. बरेच स्वस्त पोर्टाफिल्टर क्रोम चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि कापल्यावर आतला धातू उघडा पडतो, म्हणून हे महत्त्वाचं.

उघड्या पोर्टाफिल्टरने चव आपोआप सुधारत नाही. त्याचा उपयोग बघण्यासाठी आहे, आणि माझ्या मते सगळ्या बदलांत शिकवतो तो हाच. शॉट नीट असेल तर पाच ते आठ सेकंदांनी जाळीच्या जवळपास सगळ्या भोकांवर गडद थेंब एकदम फुटतात, मग ते मध्याकडे ओढले जाऊन त्यांची एकच धार होते, आणि तिच्यात तांबूस-तपकिरी रेघा हलत राहतात. एका बाजूला कोरडा पट्टा राहिला तर टॅम्पर तिरका पडला आहे. कडेने बारीक पिचकारी उडाली तर तिथे गुठळी किंवा पोकळी राहिली आहे. मधोमध लवकर पांढरट झालं तर कडेला कॉफी जास्त साचली आहे. १५ सेकंद होऊनही थेंब नसेल तर दळण फार बारीक आहे. थांबवा, पंपाला उगाच रेटू नका.

वाफेची नळी

नळीवरची जाड स्टीलची किंवा प्लास्टिकची टोपी बाजूच्या छिद्रातून हवा ओढते, म्हणून फेस मोठ्या बुडबुड्यांचा येतो. बहुतेक मशीनमध्ये ती खाली ओढली की निघते आणि आत एका भोकाची छोटी नळी राहते. २५० ते ३०० मिलीच्या पिचरमध्ये १२० ते १५० मिली दूध असेल तर तेवढी पुरते. लांब नळी बसवायची असेल तर टोकाला एकच भोक असू द्या. तीन-चार भोकांच्या टोकाला पुरेल इतकी वाफ पाणी तापवणाऱ्या लहान थर्मोब्लॉकमध्ये तयार होत नाही.

दूध फ्रिजमधलं थंड हवं. पहिली काही सेकंदं टोक पृष्ठभागालगत ठेवून हवा भरा, पिचर हाताला कोमट लागला की टोक थोडं खाली नेऊन दूध फिरवा आणि ६० ते ६५ अंशांवर थांबा. गवळ्याचं दूध असेल तर उकळून, गार करून, साय गाळून घ्या. सायीचे कण त्या एका भोकात अडकतात. ६ टक्के फॅटच्या दुधाने चव भरदार येते, पण हात बसेपर्यंत ३ टक्क्यांचं टोन्ड दूध बरं.

वाफेनंतर लगेच शॉट घेऊ नका. ब्लॉक १०० अंशांच्या बराच वर असतो. चुरचुर थांबेपर्यंत पाणी सोडा, नाहीतर कॉफी जळकी लागते.

तापमान

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी टाकीतलं पाणी आणि पोर्टाफिल्टर दोन्ही गारठलेले असतात. तयार असल्याचा दिवा लागला म्हणजे फक्त ब्लॉक तापला. पोर्टाफिल्टर लावून १०-१५ मिनिटं मशीन चालू ठेवा आणि शॉटच्या आधी त्यातून कपभर गरम पाणी सोडा. बदल म्हणावा इतकाही हा बदल नाही, पण आंबटपणा याने सगळ्यात जास्त कमी होतो.

पीआयडी (तापमान नेमकं सांभाळणारा कंट्रोलर) बसवायचा विचार बॉयलरच्या मशीनसाठीच करा, उदाहरणार्थ गॅजिया क्लासिक. थर्मोब्लॉकमध्ये पाणी वाहता वाहता तापतं, तिथे फायदा कमी. रेक्स-सी१०० हा पीआयडी घेत असाल तर मॉडेल नंबरमध्ये ‘व्ही’ आहे ना, बघा. ‘एम’ म्हणजे आत रिले, त्यावर एसएसआर (हीटरची वीज चालू-बंद करणारा वेगळा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालत नाही. मूळ थर्मल फ्यूज हीटरच्या सिरीजमध्ये तसाच राहू द्या, तो कधीही वगळू नका. एसएसआर धातूच्या तळाला हीटसिंक पेस्ट लावून घट्ट बसवा. बॉयलरजवळ साधी पीव्हीसी वायर नको, ती ७० अंशांपर्यंतचीच असते. सिलिकॉनची घ्या. प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) बॉयलरच्या बाहेर असतो, म्हणून कॉफीपाशी ९३ अंश हवे असतील तर सेटिंग १०० च्या वर ठेवावं लागतं. प्रोब उकळत्या पाण्यात तपासताना लक्षात ठेवा, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १०० दिसत नाही म्हणून प्रोब खराब समजू नका.

दाब

मशीनमध्ये स्प्रिंगचा दाब सोडणारा व्हॉल्व असेल तर तो ९ बारवर आणता येतो. पोर्टाफिल्टरच्या तोटीला आटे असतील तर तिथे ० ते १६ बारचा गेज टेफ्लॉन टेपसह लावा. अशा वेळी पाणी वाहत नसतं, म्हणून आकडा एखाद बार जास्त दिसतो. गेजवर १० धरा. गॅजिया क्लासिकच्या २०२३ पासूनच्या इव्हो प्रो मॉडेलमध्ये ही स्प्रिंग कारखान्यातूनच ९ बारची येते, ती हलवू नका.

पंपाचा वेग कमी-जास्त करायला डिमर लावतात. तो फक्त पंपाच्या वायरमध्ये यायला हवा, हजार वॉटच्या हीटरच्या वायरमध्ये नाही. पायऱ्यापायऱ्यांचा पंख्याचा रेग्युलेटर इथे चालत नाही. त्यात कपॅसिटर असतात आणि या पंपात डायोड असतो, त्यामुळे कपॅसिटर एकाच दिशेने भरून बसतो आणि प्रवाह जवळपास थांबतो. इंडक्टिव्ह लोडला, म्हणजे अशा पंपासारख्या कॉइलच्या उपकरणाला, चालणारा, सलग फिरणारा ट्रायॅकचा डिमर घ्या. सुरुवातीची सहा-आठ सेकंदं कमी वेगाने कॉफी भिजवा, मग पूर्ण सोडा. मशीन उघडण्याआधी प्लग काढा आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या. वॉरंटी इथे संपते.

डिमरशिवायही असंच करता येतं: पंप दोन-तीन सेकंद चालू, चार-पाच सेकंद बंद, मग पुन्हा चालू. मात्र सोलेनॉइड व्हॉल्वच्या मशीनमध्ये बंद करताच दाब निघून जातो, तिथे हे करू नका.

पाणी

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत मोठा फरक असतो. बोअरच्या जड पाण्याने थर्मोब्लॉकची अरुंद वाट क्षाराने भरते: आधी वाफ मंदावते, मग पंपाचा आवाज बदलतो. नुसतं आरओचं पाणी घातलं तर कॉफी सपक लागते. नळाचं आणि आरओचं पाणी मिसळून विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ८० ते १२० आणा. क्षार काढायला लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, विरघळवा. अर्धं सोडा, १५ मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग दोन टाक्या साधं पाणी. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर रात्रभर भिजवत ठेवू नका.

आंधळं, म्हणजे बिनभोकांचं, बास्केट लावून उलटी धुलाई फक्त सोलेनॉइड असलेल्या मशीनमध्ये करा. बाकीच्या मशीनमध्ये महिन्यातून एकदा शॉवर स्क्रीनचा स्क्रू काढा, जाळी धुवा आणि तिच्यामागची तेलकट कॉफी ब्रशने घासून काढा. मागचं रबरी गॅस्केट कडक झालं असेल तर सिलिकॉनचं बसवा.