पाडव्याचं बुकिंग

गुरुवार, रात्री

बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की बरंच काही समोर येतं. मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा, किती फ्लॅट बुक झाले, कोर्टात काही चालू आहे का, आणि प्रकल्प पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख. मोशीतल्या ज्या इमारतीत मी पाडव्याला फ्लॅट बुक केला, तिच्यापुढे लिहिलंय ३१ डिसेंबर २०२९.

पाडव्याला सेल्स ऑफिसात हातावर पेढा ठेवताना तो मुलगा म्हणाला होता, "मॅडम, येत्या नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीला तुमचा आकाशकंदील इथंच." नुसतं बोलला नव्हता, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रोशर पाठवून खाली टाइपही केलं होतं: ताबा दिवाळी २०२७. त्याच ब्रोशरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत रेरा क्रमांक आणि शेजारी क्यूआर कोड. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो कोड सक्तीचा आहे. सक्ती छापण्याची, कुणी स्कॅन करावा अशी सक्ती नाही.

शुक्रवार

त्याला फोन केला. "रेरा डेट सेफ्टीसाठी टाकतात मॅडम, सगळेच टाकतात."

सगळेच टाकतात हे खरंच आहे. पण ही सेफ्टी कुणाची? रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ताब्याला उशीर झाला तर बाहेर पडून पैसे व्याजासकट मागता येतात. उशीर मोजायचा तो करारनाम्यातल्या तारखेपासून, आणि करारनाम्यात येणार रेराचीच तारीख. म्हणजे दिवाळी २०२७ गेली, २०२८ची गेली, तरी कागदोपत्री बिल्डर वेळेतच.

"दिवाळी २०२७ ई-मेलवर लिहून द्याल?"

"मेलवर नाही देता येत. पण माझ्यावर विश्वास ठेवा."

पंचविशीचा असेल, बीडकडचा. त्याच्यावर माझा विश्वास आहे. दिवाळी २०२७ ला तो त्या खुर्चीवर असेल यावर नाही.

शनिवार

हिशेब. किंमत ६८ लाख. भरले ५ लाख, त्यात बाबांचे २. शिवाय जीएसटी ५ टक्क्यांनी २५ हजार.

अक्षय्य तृतीयेच्या आत रजिस्ट्रेशन केलं तर स्टॅम्प ड्युटी बिल्डर भरणार, अशी ऑफर आहे. बाईच्या नावावर इथं ६ टक्के पडते, म्हणजे ४ लाख ८ हजार. कुणीही धावत सुटावं अशीच रक्कम. पण त्यांना एवढी घाई का, तेही आज कळलं. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही (कलम १३). तो नोंदवला की ३० टक्क्यांपर्यंत, आणि जोतं पूर्ण झालं की ४५ टक्क्यांपर्यंत. साइटवर जोत्याचंच काम चाललंय. म्हणजे पावसाळ्याच्या आत ३० लाख ६० हजारांची डिमांड दारात. कर्ज सुटायला लागलं की प्री-ईएमआय, म्हणजे नुसत्या व्याजाचा हप्ता, सुरू, भोसरीचं १६ हजार भाडं सुरूच. पूर्ण हप्ता पंचेचाळीस हजारांच्या घरात जाणार, आणि चाकणच्या कंपनीतलं माझं कॉन्ट्रॅक्ट मार्च २०२८ पर्यंतचं.

दिवाळी २०२७ ला भाडं थांबणार, तिथून हप्ता झेपणार, असं सगळं बसवलं होतं. २०२९ धरलं की बसत नाही. दागिने, पीएफ, दादाकडून उसने, सगळं घालून पाहिलं. नाही बसत.

नाही घ्यायचं.

रविवार, कोरेगाव

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सकाळच्या एसटीने आले.

आईचं पहिलं वाक्य: "पाडव्याला घेतलेलं घर सोडतात का गं कुणी?" दुसरं: "भावकीत पेढे वाटून झालेत." मग तिनंच तोड काढली, की लोन बसलं नाही म्हणून सांगू. त्यावर बाबा उखडले. "म्हणजे पोरीला पगार नाही असं गावभर करायचं?" अर्धा तास दोघं भावकीला काय सांगायचं यावरच भांडले. फ्लॅट बाजूलाच राहिला. मला मनातून बरं वाटलं, कारण सोडायचं हे दोघांनी न बोलता मान्य केल्यासारखंच होतं.

बाबांचं मात्र तसं नव्हतं. रात्री अंगणात खाट टाकल्यावर बोलले. जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला, पण डोकं शेतीच्या व्यवहारातलं. "विसार दिला म्हणजे शब्द दिला. घेणारा फिरला तर विसार बुडतो. देणारा फिरला तर दुप्पट भरतो. रीत आहे." चुलत्यांनी ओढ्याकाठच्या रानाचा विसार असाच सोडला होता, एक अक्षर न बोलता. मी परत मागायला निघालेय हेच त्यांना खटकतंय. दोन लाखांचं दुःख नाही. व्यवहारातून मागं येऊन वर पैसे मागायचे, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

मी मोबाइल पुढे केला. चष्मा लावून त्यांनी तो मेसेज वाचला.

"हे त्यानं लिहिलंय?"

"हो."

"नुसता बोलला असता तर मी म्हटलं असतं, सोड." मोबाइल परत देऊन कूस बदलली. एवढंच.

मंगळवार

पिंपरीच्या वकीलबाईंकडे. त्यांचा पहिला प्रश्न, "करारनामा नोंदवला?" नाही म्हटल्यावर चहा सांगितला.

नोंदवला असता तर बाहेर पडायला रद्दलेख करा, तोही दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, मग सहा महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्काच्या परताव्याचा अर्ज. नोंदणी फीचे ३० हजार गेलेच. २०१५ मध्ये रद्दलेख केलेल्या खरेदीदारांना २७ लाख ३४ हजार ५०० रुपये मुद्रांक शुल्क परत मिळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि निकाल आला जानेवारी २०२५ मध्ये, असं बाईंनी सांगितलं. त्यात बिल्डरशी भांडण नव्हतं बरं का, सरकारशी होतं.

मग बुकिंग फॉर्म चाळला. मागच्या पानावर: ग्राहकाने रद्द केल्यास किमतीच्या १० टक्के जप्त. म्हणजे ६ लाख ८० हजार. मी भरलेत पाच. या हिशेबाने उलट मीच त्यांचं देणं लागते!

"अलॉटमेंट लेटर कुठाय?"

फ्लॅट आपल्याला दिल्याचं हे पत्र मिळालंच नव्हतं. त्या मुलाला विचारलं होतं तेव्हा "ते रजिस्ट्रेशनच्या वेळी एकदमच देतो" म्हणाला होता. बाई हसल्या. महारेराने २०२२ मध्ये या पत्राचा नमुना ठरवून दिला, त्यात रद्द केल्यावर किती कापायचं ते लिहिलंय. पत्र दिल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काही नाही. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ६० पर्यंत दीड, त्यापुढे २. उरलेले पैसे ४५ दिवसांत परत. सगळी मोजणी पत्र हातात पडल्यापासून. म्हणून पत्रच द्यायचं नाही. माणूस गोड बोलण्यात राहतो, मुहूर्त येतो, रजिस्ट्रेशन होऊन जातं, आणि १५ दिवसांत फुकट बाहेर पडता येत होतं हे त्याला कधी कळतच नाही.

बुधवार

मेल पाठवला, स्पीड पोस्टानेही. बुकिंग रद्द, ५ लाख आणि जीएसटी परत करावा, अलॉटमेंट लेटर आजवर दिलेलं नाही. खाली मेसेजचा स्क्रीनशॉट. कलम १२ चा उल्लेख बाईंनी घालायला लावला: जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले असतील तर प्रकल्पातून बाहेर पडून पैसे व्याजासह मागता येतात.

स्क्रीनशॉटमधला त्या मुलाचा नंबर आणि नाव मी झाकलं. बाईंना ते पटलं नाही.

गुरुवार

अलॉटमेंट लेटर आलं! ई-मेलने, दुपारी. पत्रावर तारीख पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची.

ती तारीख धरली तर मी एक टक्क्यात बसते, ६८ हजार कटले. मेलची तारीख धरली तर शून्य. बाईंना पाठवलं, त्यांचं उत्तर: "मेल डिलीट करू नका."

अक्षय्य तृतीया

सकाळी ऑफिसातून कुणा मुलीचा फोन, "मॅडम, आज मुहूर्त आहे, किती वाजता येताय?" तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. बिचारी यादी बघून फोन लावत होती.

आमरस केला. एकटीपुरता.

सोमवार

मॅनेजरने बोलावलं. चांगला माणूस वाटावा इतका शांत. आधी वरच्या मजल्याचा फ्लॅट दाखवला, त्याच भावात. मग "तुमच्या ओळखीतलं कस्टमर आणा, नाव बदलून देतो." शेवटी फाइल उघडली आणि सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२५ चा निकाल काढला, की १० टक्के कापणं वाजवी धरलंय.

निकाल खरा आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिथं बिल्डर २० टक्के कापत होता, ते एकतर्फी ठरवून कोर्टाने १० वर आणलं. पण तिथं सह्यांचा करार होता आणि घेणारे भाव पडला म्हणून फिरले होते. इथं करार नाही, आहे तो फॉर्म. आणि महाराष्ट्रात महारेराचा नमुना आहे. मी एवढंच म्हटलं, "सर, हेच मेलवर लिहून पाठवाल का? दहा टक्के कुठल्या कागदाच्या आधारे, तेवढं."

त्याने फाइल मिटली.

खाली पार्किंगमध्ये तो मुलगा थांबला होता. मला वाटलं समजवायला आलाय. "ताई," म्हणाला, पहिल्यांदाच ताई, "पुढच्या मेलमध्ये तो स्क्रीनशॉट नका लावू. नाव झाकलंत, पण डीपी दिसतोय. आमच्यात दोघांनाच ते ब्रोशर दिलं होतं."

दिवाळीची ती ओळ त्याच्या मनची नव्हती. वरून आलेलीच चिकटवून पाठवली होती. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही, पण ऐकून राग कुठे न्यावा ते कळेना. मी त्याला स्पष्ट सांगितलं: मेलमध्ये पुन्हा लावणार नाही, पण महारेराकडे तक्रार करायची वेळ आली तर तो माझा एकमेव लेखी पुरावा आहे, तिथं झाकता येणार नाही. तो "बरं" म्हणाला. मग गाडी काढायला मदत केली.

शुक्रवार

तक्रारीचा मसुदा तयार. फी ५ हजार. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचाकडे जाता येतं. तिथं ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डरांच्या संघटनेचा एक असे दोघं बसतात. बाई म्हणाल्या, मसुदा बिल्डरलाच पाठवू, दाखल करायच्या आधी. पाठवला.

मंगळवार

उत्तर आलं. पाच लाख पूर्ण परत, "सदिच्छा म्हणून". जीएसटी मात्र "सरकारजमा झाल्याने" मिळणार नाही.

सदिच्छेचं काय ते असो, पण दुसरं वाक्य चुकीचं आहे. बुकिंग रद्द झालं की बिल्डर क्रेडिट नोट (आधीचं बिल मागे घेतल्याचा कागद) काढून तो कर आपल्या हिशेबात वळता करून घेऊ शकतो. त्याची मुदत टळली असती, तर डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे मी स्वतः पोर्टलवर परतावा मागू शकले असते. पण मुदत टळलेली नाही, पाडवा तर परवा झाला. तसं लिहून कळवलं.

शनिवार

अकाउंट्समधल्या बाईंचा फोन, क्रेडिट नोट काढतोय म्हणून. त्या आधीच्या मॅनेजरपेक्षा दहा पट सरळ बोलल्या. एका कागदावर सही हवी, 'माझी काही तक्रार नाही' अशा अर्थाची. रक्कम आणि तारखेची जागा कोरी. दोन्ही भरल्या, मग सही केली, फोटो काढला.

बुधवार

खात्यात ४ लाख ९५ हजार आणि २५ हजार. बाबांना त्यांचे दोन लाख लगेच पाठवले. फोन केला तर म्हणाले, "पूर्ण दिले? कापलं नाही काही?" तीनदा विचारलं. चुलत्यांना सांगणार असावेत.

आईने भावकीत सांगितलंय की पोरीला जागा आवडली नाही, लांब पडते. कुणीच काही विचारलं नाही म्हणे. एका चुलतीने फक्त "पेढे चांगले होते" एवढं म्हटलं.

राहिले ५ हजार. किंमत ५० लाखांच्या वर म्हणून मी पाच लाखांतला १ टक्का टीडीएस कापून बिल्डरच्या पॅनवर भरला होता. तो त्यांच्या खात्यात दिसतोय, ते रिटर्नमध्ये तो वापरून घेणार, म्हणजे पैसे त्यांच्याकडेच. अकाउंट्सच्या बाई म्हणतात, रिटर्न भरल्यावर बघू. बाबा म्हणतात, आता एवढ्यासाठी नको, सोड. सोमवारी चलनाची प्रत जोडून पुन्हा मेल करते.