गॅस गेलाय, काकू!

आमच्या दापोलीत फ्रीझरला काहीही झालं तरी मेकॅनिकचं निदान ठरलेलं: "गॅस गेलाय, काकू." आवाज येतो? गॅस. बर्फ धरत नाही? गॅस. बर्फ फार धरतो? तरीही गॅस. हे इतक्यांदा ऐकलंय की आता पिशवीतून पाना निघायच्या आधीच मी विचारते, "गेला तर कुठून गेला, ते आधी दाखवा."

हा गॅस काही गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, नळ्या, कॉइल (आतली गार होणारी वेटोळी नळी) अशा बंद वाटेने तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता भरला तर पुन्हा जाणारच. समुद्राकडची खारी हवा, त्यात नळ्या गंजतात, त्यामुळे आमच्याकडे गळती होत नाही असं मी म्हणणार नाही. पण दर वेळी?

आमचा फ्रीझर उभा आहे. घेताना सगळ्यांनी सांगितलं होतं की आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसा आडवा, वरून झाकण उघडायचा घ्या, लाइट गेली तरी जास्त टिकतो. ते खरंच आहे. गार हवा जड असते. उभ्याचं दार उघडलं की ती सरळ पायांवर येते, आडव्यात तळाशी बसून राहते. पण आडव्याच्या तळातली कोळंबी काढायला कमरेत वाकायचं कोणी? सासूबाईंचा तर हातच पोचणार नाही. शिवाय माजघरात तो अर्धी वाट अडवणार. म्हणून उभा घेतला, तोही फ्रॉस्ट-फ्री. "बर्फ खरवडायची भानगड नाही," दुकानदार म्हणाला. भानगड असतेच, फक्त ती मागच्या पत्र्याआड असते.

एका पावसाळ्यात ती बाहेर आली. वरच्या खणातलं खवलेलं खोबरं मऊ पडायला लागलं, खालचे मासे मात्र अजून दगडासारखे. कॉम्प्रेसर दिवसरात्र चालू. मेकॅनिक आला, हात लावला, निदान दिलं, गॅस भरायचा आकडा सांगितला. मी म्हटलं, विचार करून कळवते. सामान शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये हलवलं, आमचा बंद करून दार रात्रभर उघडं ठेवलं आणि खाली जुनी चादर अंथरली. सकाळपर्यंत चादर चिंब. पुन्हा चालू केला तर एकदम झकास, नव्यासारखा! आठवडाभर ठीक चालला आणि मग पुन्हा तेच.

इथेच माझी खात्री पटली. गळती असती तर एका रात्रीच्या विश्रांतीने गॅस परत कुठून आला असता?

मग खेडहून एका तरुण मेकॅनिकला बोलावलं. त्याने खण काढले, मागचा पत्रा उघडला, आणि आत कॉइल दिसेचना. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं भुसभुशीत बर्फ. "काकू, गॅस व्यवस्थित आहे," तो म्हणाला. "कमी असता तर कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांनाच बर्फ धरला असता, पुढची कोरडी राहिली असती." फ्रॉस्ट-फ्रीमध्ये दर काही तासांनी एक छोटा हीटर लागतो, कॉइलवरचं बर्फ वितळवतो, ते पाणी नळीने मागच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने सुकून जातं. हीटर लागला नाही की बर्फ साचतं, पंख्याची हवा अडते आणि कॉइलपासून लांबचा खण आधी मऊ पडतो. त्याने मीटर लावून पाहिलं. हीटर शाबूत होता, त्याच्या वाटेवरचा थर्मल फ्यूज उडाला होता. बोटाच्या पेराएवढी वस्तू. तिची किंमत गॅस भरण्याच्या आकड्यापुढे काहीच नव्हती. पाण्याची नळीही शेवाळाने तुंबली होती, ती त्याने कोमट पाण्याने मोकळी करून दिली.

तेव्हापासून मेकॅनिकला फोन करायच्या आधी मी दोन-तीन गोष्टी स्वतः पाहते. पहिली व्होल्टेज. संध्याकाळी सगळीकडे दिवे-पंखे लागले की आमच्याकडे ते इतकं खाली जातं की ट्यूबलाइट चमकत राहते. अशा वेळी फ्रीझर गुणगुणतो, काही सेकंदांत 'टिक्' होतं, गप्प. थोड्या वेळाने पुन्हा गुणगुण, पुन्हा टिक्. कॉम्प्रेसर उचलत नाही आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट ओढला की तोडणारा त्याचा छोटा स्विच, त्याला जळण्यापासून वाचवतोय. स्टॅबिलायझर हवाच, आणि तोही लाइट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून करंट सोडणारा. तेवढ्या वेळात नळ्यांमधला दाब समान होतो, मग कॉम्प्रेसरला सुरू होताना जोर पडत नाही. अर्थात स्टॅबिलायझर लावूनही टिक्टिक् चालूच राहिली तर रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा भाग, तपासायला सांगायचा.

दुसरं, दाराचं रबर. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. अलगद सुटून आली तर त्या जागी रबर बसत नाही. बहुतेक वेळा माशाच्या पाण्याचा चिकटा असतो, कोमट साबणपाण्याने जातो. रबर वाकडंच झालं असेल तर हेअर ड्रायरने जरा गरम करून, दाबून सरळ करता येतं. जुलैमध्ये दाराच्या कडेला घाम येतो तो निव्वळ आपल्या हवेमुळे, त्याची काळजी नको. आणि बाजूचे पत्रे गरम लागतात म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांना सांगते: हल्ली बऱ्याच मॉडेलांत गरम नळ्या बाजूच्या पत्र्याआडच असतात. ते तापणारच. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आणि त्या बाजूला खिळा-स्क्रू चुकूनही मारू नका.

इतकं करून खरंच गॅस भरायची वेळ आली, तर मागचं लेबल वाचा. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेटणारा. तो काट्यावर वजन करून भरायचा असतो, अंदाजाने नाही. घरात आधीचा गॅस सोडून लगेच ज्योत पेटवणाऱ्याला तिथेच थांबवा.

आता सांगते एवढा जीव का टाकते या यंत्रावर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यामुळे मेच्या शेवटी हर्णै बंदरातल्या लिलावातून आणलेली सुरमई, पापलेट, कोळंबी, त्यावर एप्रिलमधले ओले काजूगर आणि हापूसचा रस, असा फ्रीझर गच्च भरलेला असतो. २०२० सालीही तसाच भरलेला होता, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. माड आडवे, खांब आडवे, रस्ते बंद. लाइट कधी येईल हे विचारायलाही फोन लागत नव्हता. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण दोन दिवस धरतो, हे ठाऊक होतं. म्हणून पहिला दिवसभर कोणालाही दाराला हात लावू दिला नाही. वर दोन गोधड्या टाकल्या, मागची जाळी मोकळी ठेवायची आता गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी उघडला. ज्या माशांत अजून बर्फाची कणी लागत होती ते सगळे त्याच दिवशी चुलीवर गेले. आळीतल्या सहा-सात घरांनी छप्पर उडालेल्या ओटीवर बसून सुरमईचं कालवण खाल्लं. मऊ पडलेला बांगडा मात्र मी माडाच्या बुंध्याशी आळ्यात पुरला. सासूबाई हळहळल्या, "भरपूर कोकम घालून उकळला असतास." पण बांगडा, कुपा (ट्यूना) असले मासे उबेला राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते उकळून जात नाही, परत गोठवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि त्या दिवसांत डॉक्टरपर्यंत पोचणार कोण? रसाचं काय करायचं हे मात्र सासूबाईंनीच ठरवलं. ऊन नाही म्हणजे साटं (आंबापोळ्या) नाहीत, तेव्हा पातेलंभर रस साखर घालून चुलीवर आटवत बसल्या आणि मावा केला.

त्या वर्षापासून वरच्या खणात एका पिशवीत बर्फाचे सुटे खडे असतात. आम्ही गावाला गेलो आणि परत येऊन पाहिलं तर खडे सुटेच असले, म्हणजे सगळं ठीक. एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल, तर लाइट बराच वेळ गेली होती आणि मासे टाकायचे. तापमानाचा काटा उणे अठरा दाखवतोय हा पुरावा नाही, तो फक्त आत्ताचं सांगतो.

भरण्याबद्दल थोडं. कोळंबी डब्यात पाण्यात बुडवून गोठवावी, कोरडी पडत नाही. रसाच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरू नयेत, गोठताना तो फुगतो आणि काच तडकते. बांगडा तेलकट, दोन महिन्यांनंतर खवट लागतो, म्हणून तो आधी संपवायचा, पापलेट थांबतं. ओले बोंबील ठेवूच नका. बाहेर काढले की निम्मं पाणी आणि निम्मा लगदा. त्यांना सुकवायची युक्ती आपल्या लोकांनी कधीच काढून ठेवलीय, आणि तिला स्टॅबिलायझर लागत नाही.