ट्युलिपच्या आधी, डॅफोडिलसाठी

अमेरिकेत सिएटलकडच्या आपल्या मंडळींना स्कॅजिट व्हॅली, म्हणजे शहराच्या उत्तरेचं फुलशेतीचं खोरं, म्हटलं की ट्युलिपच आठवतात. गेल्या वर्षी आम्हीही एप्रिलच्या मध्याला गेलो. ट्युलिप सुंदर होतेच, पण मला ओढ डॅफोडिलची, आणि त्यांच्या शेतात तोवर नुसती हिरवी पात उरली होती. तिथला ट्युलिप महोत्सव एप्रिलचा. डॅफोडिल मात्र मार्चमध्येच फुलून जातात. तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला मार्च हुकवायचा नाही.

यंदा आई साताऱ्याहून आली होती. पाडवा रविवारी, ३० मार्चला. म्हणून शुक्रवारची रजा टाकली. शनिवार-रविवारी त्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. आदल्या रात्री फुलांचा ताजा नकाशा पाहून ठेवला. तो दरवर्षी नव्याने पाहावाच लागतो, कारण शेतं जागा बदलतात. आईला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "मग, फेरपालट नको का करायला? कंदाचं पीक आहे ते."

सिएटलहून आय-फाइव्ह महामार्गाने उत्तरेला साधारण शंभर किलोमीटर. आम्ही २२१ नंबरच्या एक्झिटला उतरून फर आयलंडच्या रस्त्याने ला कॉनर गावाकडे निघालो. हा रस्ता मुद्दाम घ्या. रशियाच्या रँगल बेटावरून येणारे पांढरे हिमहंस (स्नो गीज) हिवाळाभर इथल्या शेतांत उतरतात. आम्हाला मोठा थवा दिसला. आधी वाटलं, शेतात बर्फच साचलाय. मग तो बर्फ एकदम उडाला.

आणि त्यानंतर पिवळा रंग. काळ्याभोर गाळाच्या जमिनीत सरळ रेषेत ओळी, थेट क्षितिजापर्यंत. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कासला सोनकी फुलते ना, तसंच. फक्त ती देवाने पेरलेली." मी खाली बसून एक फूल जवळून पाहिलं. सहा पाकळ्या, मधे तुतारीसारखा पेला, त्याची कड चुण्या घातलेल्या परकरासारखी. मान किंचित खाली.

पावसाळी बूट घातलेच पाहिजेत. चिखल घोट्यापर्यंत येतो. ओळींच्या मधे शिरू नका, फोटोसाठी कडेची पायवाट पुरते. लहान मुलं बरोबर असतील तर लक्ष ठेवा, हे झाड विषारी आहे, कंद तर जास्तच. हरणंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत.

विक्रीच्या टपरीवर मी उमललेली फुलं उचलायला गेले, तर आईने हात धरला. "कळ्या घे. पाडव्याला उमलतील." तिथल्या बाईंनीही तेच सांगितलं, आणि घरी एक दिवस तरी वेगळ्या पाण्यात ठेवा म्हणाल्या, देठातला चिकट रस शेजारच्या फुलांना मानवत नाही.

रविवारी पहाटे पाहिलं तर दहापैकी आठ उमलली होती. आईने सुई-दोरा घेतला, देठ दाबून पाहिला आणि सुई बाजूला ठेवली. "पोकळ आहे गं, ओवता नाही येणार." मग तिने आठांची जुडी केली, दोऱ्याने करकचून बांधली आणि गुढीच्या तांब्याखाली, जरीच्या खणाला लावून दिली. गाठी एका बाजूला, डॅफोडिल दुसऱ्या. उरलेल्या दोन कळ्या देवापुढे ठेवल्या. त्या मंगळवारी उमलल्या.