कापड नवं, आतला पंख जुना

नाशिकजवळ दिंडोरी रस्त्याला एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये पुष्पक विमान सुटं करून ठेवलंय, ते विकायचंय. घेण्याआधी तपासून द्या, असं म्हणत गिऱ्हाईक आमच्याकडे आलं. या विमानाच्या पंखांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं असतं. मालकाने फोनवर एकच गोष्ट ठासून सांगितली होती, "कापड नवं आहे साहेब, पॉलिएस्टर. एक सुरकुती नाही."

नाशिककरांना एचएएल, म्हणजे विमानं बनवणारी सरकारी कंपनी म्हटलं की ओझरची मिग लढाऊ विमानं आठवतात. पुष्पकही एचएएलचंच, पण बंगळुरूचं. पहिलं उड्डाण 1958 सालचं, 90 अश्वशक्तीचं काँटिनेंटल सी-90 इंजिन, शेजारी-शेजारी दोन सीट, वर पंख, खाली त्यांना आधार देणारे तिरपे दांडे, म्हणजे स्ट्रट. दीडशेच्या वर बनली आणि बहुतेक फ्लाइंग क्लबांत गेली. क्लबचं विमान म्हणजे शिकाऊ हात, आणि शेपटीला चाक असलेलं विमान शिकाऊ हातात गेलं की कधीतरी जमिनीवर गर्रकन फिरतंच. त्यात पंखाचं टोक घासतं. म्हणून शेडमध्ये शिरल्यावर आम्ही विमानाकडे न जाता आधी लॉगबुकं, म्हणजे देखभालीच्या नोंदवह्या मागितल्या.

एअरफ्रेमच्या, म्हणजे इंजिन सोडून बाकी विमानाच्या लॉगबुकात एक ओळ सापडली: उजव्या पंखाच्या टोकाची कमान बदलली, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) दुरुस्त केलं. त्याच पंखाचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई, तपासल्याची नोंद कुठेच नाही. पुढे काही वर्षांनी कापड बदलल्याची नोंद आहे, तिथेही स्पारबद्दल चकार शब्द नाही. दिवसभराच्या कामाचा क्रम या दोन नोंदींनीच ठरवून दिला.

कापडाचं आधी उरकलं. जुनं सुती ग्रेड-ए कापड असतं तर ताकद मोजावी लागली असती. नवं असताना ते इंचाच्या पट्टीला 80 पौंड ओढ सहन करतं, 56 पौंडांच्या खाली गेलं की बाद. पुष्पकसारख्या कमी भाराच्या, कमी वेगाच्या विमानाला 65 पौंडांचं हलकं कापडही चालतं, त्याची खालची मर्यादा 46. पॉलिएस्टरचं गणित वेगळं. धागा सहसा दगा देत नाही, वरचा थर देतो. त्यातली चंदेरी, अॅल्युमिनियमच्या भुकटीची पुटं उन्हातले अतिनील किरण अडवतात. ती पातळ असली तर कापड हळूहळू जळतं. शेडचं दार लोटून पंखाच्या तपासणी-भोकातून दिवा आत सोडला आणि बाहेरून पाहिलं. उजेड कुठेच झिरपला नाही. डोपला, म्हणजे कापडावरच्या लेपाला गोल चिरा नाहीत, रिबवरची (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांवरची) शिवण ताठ. मालकाचं म्हणणं खरं होतं.

पण खरी अडचण तिथेच होती. सुती कापड होतं तेव्हा दर आठ-दहा वर्षांनी ते उतरवावंच लागायचं आणि त्या निमित्ताने पंखाचा सांगाडा उघडा पडायचा. पॉलिएस्टर शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षं आरामात टिकतं. तेवढा काळ आतलं लाकूड कुणी बघतच नाही. ज्यांना नवं कापड म्हणजे नवं विमान वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

या विमानाच्या पंखात लाकडी स्पार आणि अॅल्युमिनियमच्या रिब. टोक जमिनीला लागलं की स्पार वाकतो आणि दाबल्या गेलेल्या बाजूचे तंतू आत मुडपतात. ही चीर लांबीच्या दिशेने जात नाही, तंतूंना आडवी जाते, आणि बहुतेक वेळा स्ट्रटच्या जोडाजवळ, प्लायवुडची जाड पट्टी जिथे संपते तिथे किंवा रिबच्या खिळ्याच्या भोकाशी सापडते. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. टॉर्च स्पारला जवळजवळ चिकटवून तिरपा धरायचा, मग सावली पडते. दुसरी खूण खिळ्यांची: रिबचे खिळे वर उचलले गेले असतील तर लाकूड हललंय असं धरून चालायचं.

उजव्या पंखात बोरोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा कॅमेरा घातला. स्ट्रटच्या बाहेरच्या अंगाला दोन खिळ्यांची डोकी वर आलेली. त्याच्या अलीकडे, पुढच्या स्पारच्या वरच्या कडेवर, पट्टी संपते तिथेच वार्निशवर केसाएवढी रेघ. वार्निशला नुसता तडा असेल म्हणून आरसा फिरवून पाहिलं. रेघ कड ओलांडून उभ्या अंगावर उतरली होती. प्रश्न संपला.

स्पारला सांधा देता येतो, पण पंखाच्या किंवा स्ट्रटच्या फिटिंगखाली येईल असा नाही. आणि दाबाने मोडलेले तंतू सांध्याने सुधारत नाहीत. असा स्पार बदलावाच लागतो. नवा हवा तो विमान-दर्जाच्या सिटका स्प्रूसचा: तंतूंचा तिरपेपणा 15 इंचांत 1 इंचापेक्षा जास्त नको, इंचात किमान 6 वलयं हवीत. फर्निचरवाल्याकडचं लाकूड कितीही देखणं असो, चालत नाही.

डाव्या पंखाचं दुखणं खास नाशिकचं. पंख नाकावर उभे ठेवले होते, तशीच पद्धत आहे. पण पाणी निचरायची भोकं मागच्या कडेला असतात, त्यामुळे पावसाळ्यात आत गेलेलं पाणी पुढच्या कडेत साचलं. शेजारीच बोर्डो मिश्रणासाठीच्या मोरचुदाच्या गोण्या. मोरचूद पाण्यात विरघळून अॅल्युमिनियमला लागलं की तांबं त्यावर बसतं आणि खालचा धातू खात जातं. रिबच्या नाकाशी निळसर डाग आणि पांढरी पूड होती, बोट लावल्यावर पत्रा कुरकुरला.

धडाचं त्यामानाने बरं. शेपटीच्या खांबाशी खालच्या पोलादी नळीवर उंदराचं घरटं निघालं. उंदराचं मूत पोलादाला फार वाईट. अणकुचीदार आरी टेकवल्याबरोबर एका जागी आत गेली. तेवढा तुकडा कापून बाहीचा जोड वेल्ड करता येतो. स्ट्रटची खालची टोकं ठणठणीत.

इंजिन पंखांइतकं बिघडलेलं नव्हतं. सिलिंडरांत 80 पौंड दाबाची हवा सोडली, तीन सिलिंडरांनी त्यातला 70 च्या वर दाब धरला, चौथ्याने 58. इंजिन थंड होतं, त्यामुळे हे आकडे नुसता अंदाज. फुसफुस एक्झॉस्टच्या नळीतून येत होती, म्हणजे व्हॉल्व्ह. तेलाच्या तोंडातून आली असती तर रिंगा. ही चाचणी करताना एकाने प्रोपेलर घट्ट धरून ठेवावाच, हवेच्या दाबाने फिरून तो हात तोडू शकतो. बंद पडलेल्या इंजिनात कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला गंज चढायची भीती असते. सी-90 मध्ये तो क्रँकच्या खाली असल्याने थोडा बचावतो.

"कापडाचे पैसे तरी धरा," मालक म्हणाले.

"काका, स्पार काढायचा म्हणजे कापड फाडावंच लागणार. ते परत चढत नाही."

गिऱ्हाइकाने इंजिन, प्रोपेलर आणि धडाचा भाव लावला, पंखांचे शून्य. मालकांनी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला, पण डाव्या पंखाच्या चांगल्या रिब स्वतःकडे ठेवायची अट घातली. ती अट आम्ही काढायला लावली: नव्या रिब घडवायच्या तर साच्यासाठी नमुना हवाच होता.