नीलवरचा आजचा दिवस
आज अंदमानातल्या नील बेटावर होतो, २०१८ पासून नाव शहीद द्वीप झालंय पण बोटीवर सगळे नीलच म्हणत होते. सकाळी भरतपूर बीच, पाणी इतकं उथळ आणि शांत की लेक दोन तास बाहेर यायलाच तयार नाही, आणि कोकणातल्या लाटांना घाबरणाऱ्या आमच्या सासूबाई चक्क साडी खोचून गुडघाभर पाण्यात!!

दुपारी ओहोटी बघून लक्ष्मणपूरच्या दगडी कमानीकडे गेलो, तिला इथे हावडा ब्रिज म्हणतात कारण वस्तीच बंगाली, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. खडकांवर शेवाळ आहे, चांगल्या ग्रिपचे सँडल घालूनच जा बाबांनो (मी आपटले, फोटो मागू नका). डबक्यांत खेकडे, छोटे मासे, लेक प्रत्येकाला हाय करत होती. शिंपले, प्रवाळ न्यायला मात्र बंदी, फ्रॉकच्या खिशातले तीन परत ठेवायला लावले तर हे एवढं भोकाड.

साडेपाचलाच अंधार पडतो इथे, घड्याळ आपलंच पण सूर्य पूर्वेकडचा ना. आत्ता मासे-भात जेवतोय, आणि सासूबाई म्हणतायत, सगळं छान गं, पण यात दोन आमसुलं हवी होती.