जर्मनचे टोप, तुम्ही विचारलंत म्हणून

हळदीकुंकवाला, बारशाला, गणपतीत आणि आता लिफ्टमध्येसुद्धा लोक मला एकच विचारतात. "आईला एवढं झालं, तरी ते जर्मनचे टोप अजून ठेवलेत तुम्ही?" विचारणाऱ्यांना बाकी सगळं ठाऊक असतं. आईला अल्झायमर होता, लालबागच्या चाळीत तिची खानावळ होती, तिथे जर्मनशिवाय, म्हणजे ॲल्युमिनियमशिवाय, दुसरं मोठं भांडं नव्हतं. टोपांनीच आजार झाला, ही बेरीज त्यांनी केलेलीच असते, मी फक्त खाली सही करायची बाकी.

हो, ठेवलेत. भात त्यातच होतो. कोकम, चिंच, टोमॅटो पडणार असेल तर मात्र स्टीलचं भांडं काढते. यावर लगेच "म्हणजे भीती वाटते ना?" येतंच. वाटते, थोडी. बांगड्याचं तिखलं उकळलं की काळा पडलेला टोप आतून लख्ख निघतो, हे खानावळीत वाढलेल्या मुलीला कोणी सांगावं लागत नाही. लख्ख निघतो, कारण आतला थर आंबटात उतरतो आणि तिथून ताटात येतो. एवढं मी मान्य करते. पण पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी शेकडा एक भागही रक्तात शिरत नाही, आणि जो शिरतो तो धडधाकट किडन्या बाहेर काढतात. २०११ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने आठवड्याला दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं ठरवलं. माझा मावसभाऊ जेवणानंतर पित्ताचं जे पातळ औषध घेतो, त्याच्या एका डोसात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईड शेकडो मिलिग्रॅम असतं. बाटलीवर लिहिलेलं आहे, त्याने वाचलेलं नाही.

मावसभावाचं नाव निघालंच आहे तर ते सांगून टाकते.

आईचा आजार तेव्हा मधल्या टप्प्यात होता. सकाळ की संध्याकाळ हे कळत नव्हतं, पण माणसं ओळखायची आणि बोललेलं समजायचं. निदान समजलेल्याचं वजन तरी तिच्यात राहायचं. हा मोसंबी घेऊन भेटायला आला, चहा घेतला आणि फोनवर आलेलं काहीतरी वाचून तिच्यासमोरच म्हणाला, "मावशी, तुझ्या डोक्याचं हे त्या जर्मनच्या टोपांनी केलं बघ. आयुष्यभर त्यातच रांधलंस." मी त्याला तिथल्या तिथे ठणकावलं की याला काहीही पुरावा नाही. तो हसला आणि निघून गेला. आई काही बोलली नाही. कपबशी घेऊन बसून राहिली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने विचारलं, "मगे मिया त्या पोरांका विष घातलंय काय गो?"

तिला स्वतःचं काहीच पडलेलं नव्हतं. तिला तिचे मेंबर आठवले होते. गिरणीतली ती पोरं, कोकणातली, घाटावरची, बायकामुलं गावाला ठेवून आलेली. पाळीप्रमाणे जेवायला यायची, पगाराला पैसे द्यायची, कधी द्यायचीही नाहीत. खानावळवाल्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाकडून कर्ज मिळालं तेव्हा आईने पहिल्यांदा काय घेतलं असेल तर दोन मोठे टोप. १९८२चा संप लागला आणि मेंबर एकेक करून गावाला गेले, त्यातले बरेचसे परतलेच नाहीत. का परतले नाहीत, याचं कारण आईला आता सापडलं होतं.

"नाय गो आये," मी म्हटलं. झोपली. दुसऱ्या रात्री तेच. माझं नाव तिला कधी आठवायचं, कधी नाही, पण धोंडू, महादेव, साताऱ्याकडचा तो उंच, सगळे ओळीने आठवायचे आणि प्रत्येकाचं काय झालं ते तिला मला विचारायचं असायचं. मग तिने जेवण सोडलं. घास तोंडाजवळ नेला की हाताने बाजूला सारायची. मी सगळं स्टीलमध्ये रांधून तिच्यासमोर दाखवलं, तरी नाही. पेज घेतली तर घेतली, तीही मी आधी एक चमचा तिच्यादेखत प्यायल्यावर. ज्या बाईने अर्ध्या गिरणगावाला जेवू घातलं तिच्या पेजेची चव मी घेऊन दाखवत होते.

पुढे तो प्रश्नही गेला. कोणी समजावून नाही, आजारानेच नेला. मला हायसं वाटलं, आणि असं हायसं वाटलं म्हणून मी स्वतःशी भांडायला तयार नाही.

भांडते ते "काहीही पुरावा नाही" म्हणणाऱ्या त्या दिवशीच्या मीशी. नंतर मी रात्री जागून वाचलं, मला नव्हतंच मिळालं काही असं नाही. १९६५ साली सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचले तर चेतापेशींत तंतूंचे गुंते झाले. ते अल्झायमरच्या गुंत्यांपेक्षा वेगळे असतात हे मागाहून कळलं. १९७३ साली टोरंटोत संशोधक क्रॅपर यांना अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम जास्त आढळलं. पुढे कोणाला आढळलं, कोणाला नाही. १९८९ साली इंग्लंड-वेल्समधल्या पाहणीत, पाण्यात ॲल्युमिनियम जास्त तिथे हा आजार सुमारे दीडपट निघाला. आणि डायलिसिसचं तर निर्विवाद आहे. सत्तरच्या दशकात त्या रुग्णांची बोबडी वळायची, झटके यायचे, बुद्धी जायची. १९७६ साली अमेरिकेत डॉक्टर आल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या मेंदूतलं ॲल्युमिनियम मोजून दाखवलं. डायलिसिसच्या पाण्यातून ते आतडं टाळून थेट रक्तात जात होतं, शिवाय फॉस्फेट उतरवायच्या गोळ्यांतून पोटावाटेही. पाणी शुद्ध करायला लागल्यावर तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा हा धातू मेंदूला निरुपद्रवी आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्या आईच्या किडन्या ठणठणीत होत्या, एवढंच म्हणू शकते. सावंतवाडीची मावशीही जन्मभर जर्मनच्याच टोपात रांधत होती, शेवटपर्यंत तिचा हिशेब पैशाला चुकला नाही. पण एका मावशीने काही सिद्ध होत नाही, हे वाक्य मीच लोकांना ऐकवत असते.

मग नळालाही घाबरा ना. भांडुपला मुंबईचं पाणी निवळतात ते ॲल्युमिनियमच्या क्षारांनीच.

फ्लोराईडने मुलांची बुद्धी कमी होते का, असं विचारणारे वेगळे, ते बहुधा तरुण आईबाप. मुंबईचं पाणी तलावांचं, त्यात कोणी फ्लोराईड मिसळत नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने २०२४ साली मध्यम खात्रीने सांगितलं की लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो. तिथे बऱ्याच ठिकाणी नळात ०.७ पर्यंत मिसळतात, त्याबद्दल ठरवायला माहिती पुरेशी नाही, हेही सांगितलं. १.५च्या वरचं पाणी यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक बोअरवेलना आहे, तिथे दात आणि हाडं त्याची साक्ष देतात. त्या मुलांबद्दल मला लिफ्टमध्ये अजून कोणी विचारलेलं नाही. त्यातून गंमत अशी, की फ्लोराईड काढायची नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवलेली नलगोंडा पद्धत चालते तुरटीवर, म्हणजे पुन्हा ॲल्युमिनियमवर. आणि ज्यांनी पेस्ट बदलली त्यांच्या घरी चहा काळा होईपर्यंत उकळतो. चहाच्या पानात फ्लोराईडही असतं आणि ॲल्युमिनियमही.

आईला मी "नाय गो" म्हटलं ते बरोबर होतं का? "बहुतेक नाय, आये, पण खात्री नाय" असं रात्री अडीच वाजता म्हणून बघा कोणीतरी. आजही तिला तेच सांगेन. मावसभावाला मात्र तेच सांगणार नाही.

तो अजून येतो. परवा विचारत होता, चार वर्षांच्या नातवाला कुठली पेस्ट देऊ. म्हटलं, फ्लोराईडचीच दे, वाटाण्याएवढी, आणि गिळू नको, थुंक म्हणून शिकव. त्याने फोन काढला आणि मला काहीतरी दाखवायला लागला.