वेसाव्याला जायचं तर आधी तिथी बघा

वेसावा म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याचा कोळीवाडा. तिथली मासेमारी बघायला पहिल्या खेपेला आम्ही रविवार बघून गेलो. सुट्टी होती, रस्ते मोकळे होते, वेसाव्याच्या खाडीत होड्याही ओळीने उभ्या होत्या. हलत मात्र एकही नव्हती. जाळ्यांच्या ढिगावर कुत्री झोपलेली. जाळं शिवत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "आज तिथी काय?" मावसबहिणीने मोबाइलवर बघून अष्टमी सांगितलं. "मग? भांग हाय. डोल कोण लावतंय!" एवढं बोलून त्यांनी पुन्हा सुई उचलली.

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरती-ओहोटीत फारसा फरक नसतो, पाण्याला ओढ नसते. आणि डोल चालते ती ओढीवरच. हे जाळं कोणी ओढत नाही, माशांच्या मागेही जात नाही. नरसाळ्यासारखी लांबच लांब पिशवी समुद्रात खुंटांना नाहीतर नांगरांना बांधून ठेवायची, तोंड प्रवाहाकडे. पाणी आत शिरतं, त्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत येतात आणि प्रवाहाच्या जोरामुळे परत फिरू शकत नाहीत. तोंडाशी जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी, मग बारीक बारीक होत शेवटच्या खोल्यात, म्हणजे टोकाच्या पिशवीत, बोटही जाणार नाही अशी. पाणी थांबलं की प्रवाह उलटायच्या आत खोला वर घ्यायचा. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात काम जोरात, भांगात होड्या किनाऱ्याला आणि माणसं जाळी शिवायला.

दुसऱ्या खेपेला शहाणे झालो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आजोबांच्या तोंडचा हिशोब मी शाळेत असताना हसण्यावारी नेला होता. मार्गशीर्षातली शुद्ध चतुर्दशी निवडली. चौदाची पाऊणपट साडेदहा. हिशोब ढोबळच आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे भरतीचा तक्ताही बघून ठेवा. खाडीत गाळ साचलेला आहे, होड्या चढत्या पाण्यावर आत येतात. म्हणून भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचायचं. आम्ही साडेआठला हजर होतो.

जाताना एक घोळ टाळा. मेट्रोच्या वर्सोवा स्टेशनला उतरलात म्हणजे वेसाव्याला पोचलात असं नाही. गाव तिथून बरंच पुढे आहे. रिक्षावाल्याला "वेसावा गाव, मढची फेरी" असं सांगा.

धक्क्यावर त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. होडी टेकली की खलाशी टोपल्या वर देतात, बायका उतरवून घेतात आणि तिथेच निवडायला बसतात: बोंबील एकीकडे, मांदेली एकीकडे, जवळा वेगळा. हात इतके भराभर चालतात की बघताना आपलेच डोळे दमतात. तिथे मधे उभे राहू नका. बर्फाची गाडी मागून येते आणि ती तुमच्यासाठी थांबत नाही. फोटोसाठी आधी विचारा. मी न विचारता मोबाइल वर केला, तर एक मावशी म्हणाल्या, "आधी म्हावरं घे, मग फोटू कार." घेतलं. मग त्यांनीच हसून टोपली पुढे धरली.

मासळी वाट्यावर मिळते. ओला बोंबील घेताना अंगावर गुलाबी झाक आणि घट्टपणा बघा. लिबलिबीत झालेला नको. मार्गशीर्षात गुरुवार पाळणारी घरं बरीच, त्यामुळे गिऱ्हाईक कमी असतं, असं मावशींचं म्हणणं. भाव आम्हाला खरंच बरा मिळाला. घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पाणी परतीच्या लोकलमध्ये सांडलं की काय होतं, ते मला विचारू नका.

मग फेरीने पलीकडे मढला गेलो. पाच-सात मिनिटांचा प्रवास, दुचाक्याही त्याच होडीत चढतात. मला विचाराल तर खरी बघण्याची जागा तिकडेच आहे. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबलांच्या जोड्या टांगलेल्या, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला. ना दोरा, ना खिळा. उन्हात रांगाच्या रांगा चांदीसारख्या चमकतात. खाली खळ्यावर जवळा पसरलेला. त्यावर पाय देऊ नका, ते कोणाचं तरी वर्षाचं कालवण आहे. वासाचं म्हणाल तर पहिली दहा मिनिटं जड जातात. मावसबहिणीने रुमाल काढला आणि थोड्या वेळाने विसरूनही गेली.

खाडीच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकत होते. पाग खांद्यावर घेतला, कंबरेतून एक गिरकी, आणि हवेत गोल चादर उघडली. कडेची शिशाची वजनं एकदमच पाण्यात बसली. सात-आठ वेळा फेकून हाती चार बोयटं मासे. आम्ही अर्धा तास बघत होतो, त्यांनी एकदाही मान वळवून पाहिलं नाही.

परतीला फेरीच धरायला हवी असं नाही, मढहून मालाड स्टेशनला २७१ नंबरची बस आहे. आमची मात्र ऊन चढेपर्यंत निघायची इच्छा होईना आणि टोपी एकच होती. ती तुम्ही प्रत्येकी एक न्या. पायात पट्ट्याची रबरी चप्पल घाला, बूट खवल्यांत आणि खाऱ्या पाण्यात वाया जातात. होडीतून डोलीवर नेण्यासाठी कोणाच्या मागे लागू नका. ती सहल नाही, तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, आपलं ओझं नको असतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही. पुढे नारळीपौर्णिमेला गाव नटतं, पण गर्दीत जाळं दिसत नाही. दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की वलांड्या भरतात. आम्ही आता पौषातली पौर्णिमा धरली आहे. ती मधल्या वारी येते आहे, रजेचा अर्ज टाकलाय.